सरांच्या वजनाचं तेल

"वजन किती धरू, सर?" शरणप्पाने फोन स्पीकरवर टाकून बाकड्यावर ठेवला.

सायकल धरून समोर उभी असलेली राजनंदिनी, सरांची बायको, खाली बघत होती.

"छप्पन धरा, अण्णा," अमरसिंह सर म्हणाले. "साडेसात नंबरचं तेल घाला. दहाचं नको आता."

राजनंदिनीने मान हलवली. आवाज फोनमधून जाऊ नये म्हणून ती बोलली नाही. आधी चार बोटं दाखवली, मग एक. एक्केचाळीस किलो.

"बरं सर. साडेसात," शरणप्पा म्हणाला.

नळदुर्गला हायवेच्या कडेला तो एकतीस वर्षं मोटारसायकलींचे शॉकअप दुरुस्त करत होता. शाळेत खेळ शिकवणारे अमरसिंह सर चार वर्षांपूर्वी ही डोंगरात चालवायची सायकल घेऊन आले. सोलापूरच्या एका दुकानाने ती आठ दिवस ठेवून दुरुस्त न करता तशीच परत दिली होती. तिच्या पुढच्या शॉकअपच्या दांड्यांतलं तेल चालवणाऱ्याच्या वजनाप्रमाणे निवडायचं, जड माणसाला दाट, म्हणजे मोठ्या नंबरचं, हलक्याला पातळ, हे सरांनीच त्याला समजावलं. तेव्हा सर अठ्ठ्याहत्तर किलोचे होते. दर सहा महिन्यांनी यायचे, शेजारी उकिडवे बसायचे आणि हे असं का, ते तसं का, विचारत राहायचे. शरणप्पाच्या कामाबद्दल एवढं त्याच्या घरातही कुणी कधी विचारलं नव्हतं.

फोन ठेवून त्याने विचारलं, "चालवणार कोण, वैनी?"

"कोण न्हाय. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलंय. आता खाटंवरून हँडल दाबून बघतो म्हणतेत. सकाळपासून तेवढंच चाललंय."

शरणप्पाने साडेसातचा डबा मागे सारला आणि सगळ्यांत पातळ तेलाची बाटली काढली. जुनं तेल उपसलं, दांडे धुतले, स्प्रिंग पार सैल केली. तेल भरून एका हाताने दाबून पाहिलं. पुन्हा खोललं, आणखी सैल केलं. काम चुकीचं होतं. अशी सायकल माळावरून उतरली असती तर पहिल्याच दगडाला आपटली असती. मुद्दाम चुकीचं काम त्याने आजवर केलं नव्हतं.

संध्याकाळी सायकल घेऊन तो स्वतः सरांच्या घरी गेला. सर उशीला टेकून बसले होते. शर्टात माणूस आहे की नाही असं वाटत होतं. राजनंदिनीने सायकल खाटेला लावून धरली. सरांनी मुठी पकडल्या आणि दाबल्या.

दांडे हलले नाहीत.

थोडा दम खाऊन त्यांनी पुन्हा दाबलं. चाक जरासं वळलं, तेवढंच.

"लई घट्ट झालं का, सर?"

सरांनी हँडलकडे पाहिलं.

"न्हाय. बरोबर हाय. खडकाला घट्टच पायजे. साडेसातचंच ना?"

"व्हय, सर."

"हात चांगलाय तुमचा, अण्णा."

सरांचे डोळे मिटत आले. एक हात चादरीवर घसरला, दुसरा मुठीवरच राहिला. राजनंदिनीने तो काढला नाही. सायकल हलू नये म्हणून ती फरशीवर बसली आणि पुढचं चाक दोन्ही हातांनी धरून राहिली.