यादीतले पहिले शहर

मी एक जुनी दुर्बीण आहे. माझ्या अंगावरचे काळे कातडे कडांनी सुटले आहे, पट्टा दोनदा शिवलेला आहे आणि उजव्या भिंगात बुरशी धरली आहे. मित्रांनो, लांबचे जवळ दाखवणे एवढेच मला येते. जवळचे दाखवण्यात मी कुचकामी, आणि माझी गोष्ट नेमकी तिथेच येऊन अडते.

माझी भिंगे एका कारखान्यात एका बाईने घासली. तिला समुद्र कधी पाहायला मिळाला की नाही, कोण जाणे. माझी पहिली वीस वर्षे एका मालवाहू जहाजावर गेली. खलाशी मला 'म्हातारीचे डोळे' म्हणत, पण किनारा दिसेनासा झाला की माझ्याचसाठी धावत. मग जहाज मोडीत निघाले आणि मी जुन्या वस्तूंच्या दुकानात, एका इस्त्रीच्या आणि बंद घड्याळाच्या मध्ये येऊन पडले.

तिथून मला बाबांनी घेतले; त्यांची लेक त्यांना बाबा म्हणे, म्हणून मीही. ते नुकतेच निवृत्त झाले होते. छत्तीस वर्षे त्यांनी टपाल कचेरीत वर्गवारीचे काम केले. समोर लाकडी खणांची भिंत, प्रत्येक खणावर एका शहराचे नाव. पत्र उचलायचे, पत्ता वाचायचा, खणात टाकायचे. किनाऱ्यावरच्या पाच शहरांचे खण खालच्या ओळीत होते. कोणत्या शहराची पाकिटे दमट येतात हे त्यांना स्पर्शाने कळे. पाहिले मात्र एकही नव्हते. "हात सगळीकडे जाऊन आलेत," ते म्हणत, "डोळे तेवढे घरी राहिलेत."

त्यांची लेक शिक्षिका होती. शाळेचे वेळापत्रक तीच लावायची आणि तिने लावलेल्या वेळापत्रकात एकही तास वाया जात नसे. बाबांचे हृदय अधू झाले, तेव्हा हिवाळ्याच्या सुट्टीत त्यांना ती पाच शहरे दाखवायची असे तिने ठरवले. बाबांनी कॅलेंडरच्या पाठीवर यादी करून दिली.

"बाबा, हे काय? आधी पार टोकाचं शहर, मग तिथून उलटं खाली?"

"मला तसं बरं वाटलं."

"बरं वाटलं म्हणजे? दोन दिवस नुसते गाडीत जातील. टोकाचं शेवटी ठेवू. तिथून घरी यायला रात्रीची थेट गाडी आहे, जायला तशी नाही."

ती उत्तरासाठी थांबली नाही. पेन्सिल चालूच होती. बाबांनी माझे चाक उगाच पुढेमागे फिरवले.

"बरं, मास्तरीणबाई. तुमचं वेळापत्रक."

मित्रांनो, त्या उलट्या यादीचे कारण मला ठाऊक होते; ते माझ्याच पेटीत, अस्तराखाली होते. टपालाच्या गठ्ठ्यावर एक चिठ्ठी बांधतात. पुढे शहराचे नाव आणि वर्गवारी करणाऱ्याची सही. मागची बाजू कोरी. टोकाच्या शहरात बाबांसारखेच काम करणारा एक माणूस होता. एकदा चुकून गेलेले पत्र परत पाठवताना त्याने मागे लिहिले, 'या नावाचे इथे कोणी नाही. तुमच्याकडचा पाऊस मात्र पोचला, पाकीट ओले आहे.' बाबांनी उत्तर दिले. मग सव्वीस वर्षे, गठ्ठ्यामागून गठ्ठे, एकेक ओळ जात-येत राहिली. मुलांची आजारपणे, साहेबांची नक्कल, बायकोचे जाणे. दोघे कधी भेटले नाहीत. सरकारी चिठ्ठीवर असले लिहिणे नियमात बसत नव्हते, म्हणून बाबांनी घरात अवाक्षर काढले नाही. लेक हसेल, याचीही भीती असेल. यादी बदलली तेव्हा त्यांनी त्या माणसाला मुकाट्याने दुसरे पत्र टाकले: दुसऱ्या दिवशी नाही, नवव्या दिवशी दुपारच्या गाडीने येतो, गळ्यात दुर्बीण असेल.

पहिल्या शहरात आम्ही बंदर पाहिले, दुसऱ्यात दीपगृह. बाबा निम्म्या पायऱ्यांवर बसले. "तू जा वर, मला सांग काय दिसतं ते." तिसऱ्या शहरात गार वारा होता आणि संग्रहालयाची वेळ गाठायची होती. बाबा भराभर चालले, कारण वेळापत्रक लेकीचे होते आणि तिला वाईट वाटू द्यायचे नव्हते. चौथ्या शहरात त्यांचे पाय सुजले. बूट चढेनात.

"आजच टोकाला निघालो तर?" ते म्हणाले.

"पाय बघा आधी. दोन दिवस विश्रांती घेऊ. शहर कुठे पळून जातंय?"

दुसऱ्या दिवशी त्यांना इस्पितळात न्यावे लागले; तिथे त्यांनी मला मागून घेतले आणि खिडकीतून उत्तरेकडे, टोकाच्या शहराच्या दिशेने, बराच वेळ पाहिले.

"काय दिसतंय, बाबा?"

"काही नाही. किनाऱ्याचं वळण आडवं येतंय."

आठव्या दिवशी सकाळी ते गेले. लेक त्यांना घेऊन घरी परतली, वेगळ्याच गाडीने.

माझी पेटी तिने तीन आठवड्यांनी उघडली. चिठ्ठ्या वाचायला तिला दोन दिवस लागले. मग मला गळ्यात घालून ती टोकाच्या शहरी गेली आणि टपाल कचेरीत विचारत विचारत एका दारापाशी पोचली. दार उघडणाऱ्या म्हाताऱ्याने आधी माझ्याकडे पाहिले, मग तिच्याकडे, मग तिच्या मागच्या रिकाम्या जिन्याकडे.

"तीन दिवस स्टेशनावर गेलो," तो म्हणाला. "चौथ्या दिवसापासून रागावलोय."

"ते गेले, काका."

त्याने चौकट धरली.

"यादीत तुमचं शहर पहिलं होतं," ती म्हणाली. "मी शेवटी टाकलं."

"सोयीचं म्हणून?"

"हो."

त्याने मान हलवली. ठीक आहे, असे तो म्हणाला नाही. "आत या," तो म्हणाला, "पाणी घ्या. मग मला सांगा, तो दिसायला कसा होता."

तिने सांगितले. दुपार गेली तरी ती सांगत होती.

त्यानंतर मी कपाटात आहे. मला कोणी हात लावत नाही, आणि बंद पेटीच्या दमट काळोखात माझे भिंग रोज थोडे थोडे आंधळे होते आहे. मित्रांनो, घरात माझ्यासारखी एखादी असेल तर तिला वरचेवर उन्हात काढा, मऊ कापडाने पुसा. आणि कोणी आपल्या हाताने केलेली यादी तुमच्या हातात दिली, तर पेन्सिल उचलण्याआधी एवढेच विचारा, "हेच पहिलं का?"

माणूस ते लगेच सांगणार नाही. तरी थांबा.