एका नंबरावर आठ

दोन हजार नऊ साली, शाळा उघडायला आठवडा राहिलेला असताना, टेबलबाईंनी संगणकावर तोच बदल तिसऱ्यांदा चालवून पाहिला आणि सुजलेले पाय स्टुलावर ठेवून त्या पडद्याकडे बघत बसल्या. पंखा फिरत होता, पण वारा सगळा फायलींनाच लागत होता.

हे नाव त्यांना शिक्षण विभागाच्या कचेरीनं दिलेलं. सगळ्या शाळांतल्या मुलांची माहिती संगणकातल्या टेबलांमध्ये असे आणि ती टेबलं धडधाकट ठेवणं हे त्यांचं काम. शिपाईमामा नवे होते तेव्हा त्यांनी पाय मोडलेलं एक लाकडी टेबल आणून बाईंच्या दारात ठेवलं होतं. बाई हसल्या नव्हत्या. "राहू दे, करते काहीतरी," एवढंच म्हणाल्या होत्या. आता त्यावर प्रिंटर होता.

आजचा बदल दिसायला साधा होता. आतापर्यंत प्रत्येक मुलाच्या नोंदीतच पालकाचं नाव आणि फोन लिहिलेला असे. तीन भावंडं असली की बापाचं नाव तीनदा, आणि तीनही वेळा निराळं. आता पालकांचं वेगळं टेबल करायचं, त्यात प्रत्येक पालक एकदाच, आणि मुलं त्याला जोडायची. त्यावर साहेबांचा एक नियम होता: एका नंबरावर आठापेक्षा जास्त मुलं नकोत. मागे एका शाळेनं खोटी मुलं दाखवून पट फुगवला होता, आणि वरच्या बैठकीत साहेबांना सगळ्यांसमोर मान खाली घालावी लागली होती.

बदल शेवटपर्यंत जायचा, त्या नियमाशी अडायचा, आणि केलेलं सगळं उलगडून पहिल्या जागी यायचं.

बाईंनी नियम बाजूला ठेवला आणि संगणकाला नुसतंच विचारलं, कुठल्या नंबरावर सगळ्यांत जास्त मुलं आहेत? उत्तर एका ओळीत आलं. एक नंबर, चाळीस मुलं.

तो नंबर त्यांना पाठ होता. त्या कठड्याला धरून खाली गेल्या.

प्रवेशाच्या खिडकीत काकू बसायच्या. कचेरीतल्या सगळ्यांच्याच काकू. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली.

"काकू, ही चाळीस मुलं तुमची?"

काकूंनी चष्मा कपाळावर चढवला. "माझी दोनच गं. आणि ती दोन फोनसुद्धा करत नाहीत. का?"

"सगळ्यांच्या पालकाच्या जागी तुमचा नंबर आहे."

"मग काय करू? तुझा तो संगणक जागा रिकामी सोडू देत नाही. लाल होतो नि अडून बसतो, लग्नातल्या व्याह्यासारखा. कुणाची आई कामाला गेली ती परत आलीच नाही. कुणाची आजी आहे, तिच्याकडे फोन नाही. पोर समोर उभं असतं. त्याला काय सांगू, आधी पालक घेऊन ये?"

"टिंब द्यायचं. बाकीच्या खिडक्यांवर तेच देतात. मी मागून साफ करते."

"टिंबाला मेसेज जातो का?"

मूल शाळेत आलं नाही की पालकाच्या फोनवर मेसेज जाई: आपला पाल्य आज गैरहजर आहे. ती सोयही बाईंनीच केलेली. त्यांच्या मुलाच्या शाळेतूनही तो येई. त्या न वाचता पुसून टाकत.

काकूंनी पिशवीतून फोन काढून पुढे धरला. बटणांवरचे आकडे झिजून गेले होते. "दुपारच्या सुट्टीत जाऊन बघून येते. एकाला ताप होता. एक गाड्या धूत बसला होता, त्याला कान धरून नेला. गुडघ्यांचं वाटोळं झालं बाई माझ्या."

"आता नव्या टेबलात जागा रिकामी ठेवता येईल, काकू. तशी सोय केलीय."

"मग मेसेज कुणाला जाणार?"

"कुणालाच नाही."

काकूंनी चष्मा खाली ओढला आणि खिडकीतल्या पुढच्या माणसाला म्हणाल्या, "या."

वर साहेब दारातच उभे होते.

"सापडलं? किती आहेत?"

"चाळीस. एका नंबरावर."

"बोगस. मला वाटलंच होतं. उद्यापर्यंत नाव द्या, चौकशी लावतो. आणि नियम काढायचा नाही हं, बाई. पुन्हा शेकलं तर माझ्यावरच शेकणार."

"मुलं खरी आहेत, साहेब. उद्या बदल होऊन जाईल. नियमासकट."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि फाईल काखेत मारून ते बैठकीला गेले.

बाईंनी कपाळ चोळलं. मग उठून शिपाईमामांपाशी गेल्या.

"मामा, आठ मुलांसाठी तुमचा नंबर देऊ? जबाबदार व्यक्ती म्हणून. शाळेला दांडी मारली की तुम्हाला कळेल."

"मला कळून काय उपयोग?"

"जाऊन बघायचं."

मामांनी कान खाजवला. "सायकल आहे माझ्याकडे. द्या."

लेखापाल वही मिटून म्हणाले, "घरी एकच आहे, तो माझं ऐकत नाही. मला मुली द्या. मुली निदान ऐकल्यासारखं दाखवतात."

आठ काकूंकडेच ठेवली. आठ बाईंनी स्वतःच्या नंबरावर घेतली. आठ उरली. ड्रायव्हरकडे फोन नव्हता, आणि बाकीचे सगळे जेवायला गेले होते. बाईंची बोटं बराच वेळ कळफलकावर नुसती पडून राहिली. मग त्यांनी भिंतीवर चिकटवलेल्या फोनच्या यादीतला सगळ्यांत वरचा नंबर बघून घातला, आणि बदल चालवला.

तो कुठंही न अडता गेला.

शाळा उघडल्या. दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी साहेब फोन हातभर लांब धरून केबिनबाहेर आले.

"टेबलबाई, आपला पाल्य गैरहजर आहे, म्हणतायत. माझी मुलगी नोकरी करते."

काकू सही घ्यायला आल्या होत्या, त्या कागद धरून तशाच उभ्या राहिल्या. मामा कोपऱ्यात चपला घालत होते. त्यांच्याही फोनवर आत्ताच काहीतरी वाजलं होतं. साहेबांनी मामांच्या चपलांकडे पाहिलं, मग काकूंकडे. काकूंनी कागद उगाचच सरळ केला.

"त्या चाळीसांतले?" साहेबांनी हळू विचारलं.

"हो."

"माझ्या नंबरावर किती?"

"आठ, साहेब."

"म्हणजे नियमात बसतंय." मग चष्मा लावून त्यांनी मेसेजमधलं नाव पुन्हा वाचलं. "हा राहतो कुठे?"

काकू दोन वर्षांनी निवृत्त झाल्या, आणि गुडघ्यांनी साथ दिली तोवर दुपारची एक फेरी मारत राहिल्या. त्या गेल्या तेव्हा त्यांची मुलं वेळेवर पोचली नाहीत, पण दारात चपला ठेवायला जागा नव्हती. मामांची सायकल त्यांच्या आठांतल्या एकानं मागून घेतली, ती अजून चालते. लेखापालांच्या आठ मुलींपैकी एक आता त्यांच्याच खुर्चीवर बसते आणि कुणाचं ऐकत नाही. टेबलबाईंनी आणखी बरीच वर्षं टेबलं जुळवली. मुलाच्या शाळेचे मेसेज मात्र त्या दिवसापासून वाचून मग पुसले. डोळे थकल्यावर काम नव्या माणसाच्या हाती दिलं. तो हुशार होता. त्यानं विचारलं, एवढ्या जुन्या साहेबांचा नंबर अजून पालकांमध्ये कसा? बाई म्हणाल्या, असू दे.

साहेब निवृत्तीनंतर मुलीकडे लांबच्या गावी राहायला गेले. मुलीनं नवा फोन घेऊन दिला, नवा नंबरही. फोन त्यांनी घेतला. नंबर जुनाच ठेवला.