वाकड्या भिंतीचा साक्षीदार

मी एक जुना ओळंबा आहे. पितळेचा, भोवऱ्यासारखा, मुठीत मावेन एवढा. भिंत सरळ आहे की नाही हे बघायला गवंडी मला दोरीने वरून खाली सोडतात. मी काही बोलत नाही. नुसता लोंबकळतो. पण मित्रांनो, माझ्यासमोर भल्याभल्या भिंती उघड्या पडतात!

एका म्हाताऱ्या कारागिराने मला लेथवर कातलं. टोक मधोमध आलं नाही म्हणून दोनदा वितळवलं. तिसऱ्या वेळी म्हणाला, "आता तू खोटं बोलूच शकणार नाहीस." मग एका तरुण मिस्त्रीने मला निवडलं आणि आम्ही कामाला लागलो. घरं, शाळा, एक प्रार्थनामंदिरसुद्धा बांधलं. मिस्त्री मला रोज तेलाच्या चिंधीने पुसायचे. लोक म्हणायचे, "या माणसाच्या भिंतीला नाव ठेवायला जागा नाही." माझं नाव कोणी घेत नसे. चालायचंच.

पण कौतुक फार वाईट. ते मिस्त्रींच्या डोक्यात गेलं. एका गोदामाच्या आवाराची भिंत चालू होती. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या बांधायला दोरी मिळेना, म्हणून त्यांनी माझीच दोरी सोडवून घेतली आणि मला खिशात टाकलं. हाताखाली त्यांचा मेव्हणा होता. तो म्हणाला, "दाजी, चार थर झाले. ओळंबा लावा की एकदा."

"अरे जा! तीस वर्षं झाली. माझ्या डोळ्यातच ओळंबा आहे."

डोळा चार बोटं चुकला. तिसऱ्या दिवशी मेव्हणा पायथ्याशी विटा रचत होता आणि भिंत त्याच्या अंगावर आली. बिचाऱ्याचा पाय मांडीपासून चिरडला. गोदामवाला धावत आला. "ही भिंत कुणी बांधली?" मिस्त्रींनी खाली पडलेल्या बेशुद्ध माणसाकडे बोट दाखवलं. "यानेच. मी नको म्हणत होतो."

मी खिशात होतो. मला तोंड असतं तर!

त्यानंतर मेव्हण्याच्या हाती कुणी थापी दिली नाही. लंगडत लंगडत त्याने दोन गल्ल्या पलीकडे पंक्चरचं दुकान टाकलं. नवऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवून सख्ख्या बहिणीनेही त्याला दार बंद केलं. "माझ्या नवऱ्याचं नाव बुडवलंस," म्हणाली. मिस्त्रींनी भिंत तपासायला नवं यंत्र घेतलं. मला पत्र्याच्या डब्यात घालून पलंगाखाली ढकललं. अकरा वर्षं मी तिथे धूळ खात पडलो आणि घरातलं सगळं ऐकत राहिलो.

महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, प्रभुभोजन असे. येशूच्या मरणाची आठवण म्हणून सगळे एकाच भाकरीतून तुकडा घेतात. कुणाशी अबोला असेल तर आधी तो मिटवायचा, अशी तिथली रीत. मिस्त्री भाकर न घेताच ताट पुढे सरकवायचे. घरी आल्यावर बायको विचारायची, "आजही नाही घेतलंत?" ते म्हणायचे, "दात दुखत होता." पुढे दात एकही उरला नाही, तरी दुखणं काही थांबेना.

मग छातीत सिमेंट बसलं. डॉक्टरांनी तीन महिने सांगितले. मंडळीचे पाळकसाहेब भेटायला आले. मिस्त्रींनी मला डब्यातून काढून हातात धरलं होतं.

"साहेब, मरणाचं काही नाही. त्याच्या पुढचं भय वाटतं. देव ओळंबा सोडणार. माझी भिंत वाकडी आहे, हे मला पुरतं ठाऊक आहे." आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं, अगदी गोण्यांच्या दोरीपासून.

पाळकसाहेबांनी त्यांना खोटा धीर दिला नाही. "ओळंबा लागणार, मिस्त्री. माझीही भिंत वाकडीच निघणार. सरळ भिंत एकट्या येशूची. पण आपली भिंत कोसळताना तिच्याखाली तो जाऊन उभा राहिला, आपल्याला बाजूला सारून. देवाने समेटाचा हात कधीच पुढे केलाय. तुम्हीच खिशात हात घालून बसलात."

"मग आता मेव्हण्याकडे गेलो, तर देव माफ करील?"

"उलटं बोलताय. माफी त्याच्याकडून आहेच, ती घ्या. आणि माफी मिळालेला माणूस लपून कशाला बसेल?"

मिस्त्री ढसाढसा रडले. दारात बायको उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "माझ्या भावाला मी अकरा वर्षं उंबरा चढू दिला नाही," एवढंच ती म्हणाली. दोन दिवस नवऱ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चपला घालून म्हणाली, "उठा. चला."

पंक्चरच्या दुकानात मेव्हण्याने सगळं ऐकून घेतलं. पाना खाली ठेवला. "मला माहीत होतं. दवाखान्यातच कळलं. दोन गल्ल्या ओलांडायला अकरा वर्षं लागली, दाजी?" रागाने पाना पुन्हा उचलून तो टायरकडे वळला. "आता घरी जा. मला जरा वेळ द्या."

मिस्त्री घरी गेले. मी मात्र त्याच्या दुकानात राहिलो. "हा तुझ्याकडे असू दे," म्हणून त्यांनी मला तिथे ठेवलं होतं. पुढच्या रविवारी, प्रभुभोजनाच्या दिवशी, मला खिशात घालूनच मेव्हणा प्रार्थनेला गेला आणि मिस्त्रींच्या शेजारी जाऊन बसला. ताट आलं तेव्हा त्याने स्वतः ते त्यांच्यापुढे धरलं. मिस्त्रींनी भाकर घेतली. तीन आठवड्यांनी ते शांतपणे गेले.

मित्रांनो, तुमची भिंत वाकडी निघाली तर मला डब्यात कोंडू नका. भिंत त्याने सरळ होत नसते. आणि खरं बोलायला अकरा वर्षं थांबू नका.

मिस्त्रींच्या कबरीचा चबुतरा मेव्हण्यानेच बांधला. पाय लांब करून बसला, प्रत्येक थराला मला चारही कोपऱ्यांवर सोडलं, एक वीट तर तीनदा काढून लावली. बहीण म्हणाली, "पुरे की रे. इथे कोण बघायला येतंय?"

"कुणी कशाला यायला पाहिजे, ताई? येशू मेलेल्यांना उठवील ना, त्या दिवशी दाजीही उठतील," तो दोरी धरून म्हणाला, "ते आधी हीच भिंत तपासतील."