पेंटरच्या पोटात अडकलेली बेल

मी स्वादुपिंड बोलतोय. इकडेतिकडे शोधू नका, जठराच्या मागे पाहा. हृदयावर लोक गाणी लिहितात. माझं नाव मात्र तपासणीच्या कागदावरच वाचतात. माझी तक्रार नाही, मला मागे राहायलाच आवडतं.

माझे मालक दुकानांच्या पाट्या रंगवतात. माणूस इतका भिडस्त, की पोट भरल्यावर कुणी वाढलं तरी ताटावर हात आडवा धरवत नाही.

माझं काम साधं आहे. मालकांनी घास घेतला की माझ्या पेशींत थोडंसं कॅल्शियम उसळतं. ती माझी दारावरची बेल. ती वाजली की मी पाचक रस आतड्यात सोडतो. माझ्याकडे असेपर्यंत हा रस गाढ झोपलेला असतो, आतड्यात पोचल्यावरच जागा होतो. पन्नास वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

मग एके दिवशी, अक्षरं सरळ आली का हे बघायला मालक दोन पावलं मागे सरकले. आपण शिडीवर आहोत, हे विसरले. मनगट मोडलं.

डॉक्टरीणबाईंनी कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या आणि ड जीवनसत्त्वाची पुडी, आठवड्यातून एकदाच. "आठवड्याला एक? अशानं हाड जुळायचं कधी?" म्हणत मालकीणबाई ती रोज सकाळी देऊ लागल्या. दुपारी बहीण डबा आणायची, डब्यासोबत पुडी. "वहिनीला सांगू नकोस हं दादा, तिला लुडबुड वाटेल." संध्याकाळी आई दुधात कालवायच्या. "घे बाळा, या दोघींना कुठलं सुचायला!"

बाळ बावन्न वर्षांचं. तिन्ही वेळा मान डोलवून गिळायचं.

दोन महिन्यांत मालकांना सारखी तहान लागू लागली, मळमळू लागलं, पोट साफ होईना. त्या पुड्यांनी रक्तात कॅल्शियम इतकं ओढून साचवलं की जणू माझी बेल कुणी दाबूनच धरली. रस माझ्या आतच जागा झाला. समोर घास नाही म्हटल्यावर त्यानं मलाच पचवायला घेतलं! मी अशी बोंब ठोकली, की मालकांची कळ पोटातून थेट पाठीत गेली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा कागद हलवत विचारलं, "पुडी रोज कोण देत होतं?"

"मी," तिघी एकदम म्हणाल्या.

"वन्सं, तुम्हीसुद्धा?"

"अगं वहिनी, तू पण? आणि आई?"

"मी आपली दुधातून," आई पुटपुटल्या.

"अहो, तुम्ही तरी सांगायचं!" मालकीणबाई मालकांवर उखडल्या.

मालक कण्हत म्हणाले, "कुणाला वाईट वाटू नये म्हणून..."

"तुमचं स्वादुपिंड जीव सोडायला निघालं होतं, त्याचं काय?" डॉक्टरीणबाई कडाडल्या.

चारचौघांत माझं नाव निघालं. मला इतका संकोच झाला की क्षणभर मी दुखायचंच विसरलो.

तोंडानं सगळं बंद, हाताला सलाईन, असे कित्येक दिवस गेले. जीव वाचला. माझ्या अंगावर एक व्रण राहिलाय. असा तडाखा पुन्हा बसला तर माझं काही खरं नाही.

काल संध्याकाळी आई पुडी कालवलेला दुधाचा पेला घेऊन आल्या. "शेवटची पुडी उरलीय रे. वाया कशाला घालवायची?"

मालकांनी हात पुढे केला. मी डोळे नसूनही मिटून घेतले. हात थांबला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"आई... नको."

बावन्न वर्षांतलं पहिलं 'नको'!

आईंनी पेल्याकडे पाहिलं आणि स्वतःच पिऊन टाकला. एका पुडीनं काही बिघडत नाही म्हणा. तरी त्यांच्या पोटातल्या माझ्या भाऊबंदाला कुणीतरी निरोप द्या: जपून राहा, बाबा.