चार महिने बाहेर बसली नाही

काशीबाईची सून बाहेर बसली की अख्ख्या वाडीला कळायचं. पडवीच्या टोकाला गोणपाट, शेजारी वेगळं ताट, आणि सासूचा आवाज, "शिवा नको गो तिका, आंघोळ पडात!" सुगंधा तिथे दिसेनाशी झाली तशी बायकांनी बोटं मोजायला घेतली. एक महिना, दोन, तीन. चौथ्या महिन्यात मथुरा सुईण विहिरीवर घागर बुडवता बुडवता म्हणाली, "काशीबाय, गुरुदासाक बोटीर जावन चवदा म्हयने झाले मां?"

झालं. मुलगा चौदा महिने समुद्रावर, आणि सुनेची पाळी नाही. काशीबाई भरली कळशी तिथेच टाकून घरी आली.

सुगंधाला स्वतःलाच कळत नव्हतं, तर ती सासूला काय सांगणार? पाळी नाही ती नाही, वर पोलकं ओलं व्हायला लागलं होतं. मुलगी लक्ष्मी चार वर्षांची. तिचं अंगावरचं तुटून अडीच वर्षं झाली होती. आता दूध कुठून येतं? सुगंधा फडक्याच्या घड्या आत घालायची आणि न्हाणीत चोरून धुवायची.

बदललं होतं ते एकच. गोळ्या सुरू झाल्या होत्या.

गेल्या शिमग्यानंतर तिच्या कानात कोणीतरी बोलायला लागलं होतं. ही पोर तुझी नाय, म्हणायचं. टाक हिका. एका सकाळी तिने लक्ष्मीला एका हाताने धरून विहिरीत लोंबकळत ठेवलं. शेजारचे दाजी धावले म्हणून पोर वाचली. तेव्हा काशीबाईनेच तिला कणकवलीच्या डॉक्टरकडे नेलं होतं, खोटं कशाला बोला. डॉक्टरने पांढऱ्या गोळ्या दिल्या, दिवसाला तीन. अंग जड झालं, जीभ जाड झाली, झोप सुटेना. पण पंधरा दिवसांत तो आवाज गप्प झाला. ती पुन्हा लक्ष्मीची वेणी घालायला लागली. पोरही न बिचकता मांडीवर बसायला लागली.

काशीबाईने मथुरेला घरात आणलं आणि दार लावून घेतलं. मथुरेने सुगंधाला चटईवर निजवून ओटीपोट चाचपलं. सगळा गाव तिच्या हातांतून जन्मलेला, त्या हातांना चूक माहीत नाही.

"पोट रिकामा आसा," ती म्हणाली.

सुगंधा उठायला लागली. तेवढ्यात मथुरेने छाती दाबली आणि दुधाची धार तिच्या मनगटावर आली.

"रिकामा? आनि दूध?" काशीबाईने विचारलं.

"होता ता गेला," मथुरा हात पुसत म्हणाली.

काशीबाई सुनेच्या तोंडाजवळ वाकली. "खंय पुरलंस गो त्या पोराक?"

सुगंधाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती किंचाळली. त्यावर मथुरा म्हणे, "बघ, लागला."

दुसऱ्या दिवशी सुगंधा एकटीच कणकवलीला गेली. डॉक्टरने ऐकून घेतलं. त्याला नवल वाटलं नाही, आणि त्याचाच तिला संताप आला.

"ह्या गोळीनं होतं असं काही बायकांना," तो म्हणाला. "गोळी मेंदूवर काम करते. आणि पाळीचा, दुधाचा हुकूमही मेंदूतूनच सुटतो. तो हुकूम बिघडतो. पोटात काही नसतं."

"मगे आदी कित्याक नाय सांगलास?"

"घाबरून गोळी सोडली असतीस."

"दुसरी गोळी नाय?"

"आहे, पण तिनंही बहुतेक हेच होईल. बंद केलीस तर दोन-तीन महिन्यांत पाळी येईल. पण बंद केलीस तर..." पुढचं त्याने सांगितलं नाही. तिला ते ठाऊक होतं. पोटात काही नाही, हा गोळीचाच परिणाम, असं त्याने इंग्रजीत एका कागदावर लिहून दिलं.

काशीबाईने कागद उलटा धरून बघितला. "ह्यो लिवणारोच बापूस नाय कशावरना?"

गुरुवारी गुरुदास बोटीवरून रजेवर घरी आला. माणूस वाईट नव्हता. त्याने हात उचलला नाही. बोटीवरच्या तोडक्यामोडक्या इंग्रजीवर तो कागद तासभर वाचत बसला. शेवटी म्हणाला, "माका पटता. पन वाडयेक कागद कोण वाचून दाखयतलो? गोळी बंद कर. एकदा भायर बसलंस काय सगळ्यांची तोंडा बंद."

"आनि तो आवाज इलो तर?"

"मी आसंय मां."

"तुमची बोट कधी सुटता?"

त्याने कागदाची घडी घातली.

"कधी?"

"अठरा दिसांनी."

"मगे थंयसून फुडे लक्ष्मीक माझ्यापासून कोण वाचयतलो?"

आतून काशीबाई म्हणाली, "चेडू माझ्याकडे रवात. गोळी खावची आसात तर म्हायेराक जावन खा. माझ्या घरात नको."

दुपारच्या गोळीची वेळ झाली होती. सुगंधाने पदराची गाठ सोडली. गुरुदास नुसतं "सुगंधा" म्हणाला. तिने गोळी जिभेवर ठेवली. पाणी हाताशी नव्हतं आणि कोणी दिलंही नाही. तिने ती कोरडीच गिळली.

काशीबाईने लक्ष्मीला दंडाला धरून माजघरात ओढलं. पोर "आये, आये" करायला लागली. सुगंधा उठली तर गुरुदास दारात उभा. मारायला नाही, नुसता उभा. मान खाली.

ती त्याला ढकलून आत जाऊ शकली असती. तेवढा जोर होता अंगात. पण मग वाडी म्हणाली असती, बघा, सुटली परत, आणि पोरही तेच बघत राहिली असती. ती थांबली.

"तिका माशातले पेडवे दिलास तर काटे काढून देवा," ती म्हणाली.

"काय?"

"पेडवे. काटे बारीक आसतत. चेडू थुकणा नाय, सांगणा नाय, तसाच गिळता. आदी बोटांनी चुरडून बघूचा, मगे भातात मिसळूचा."

"आयेक सांगतंय."

"त्येंका दिसणा नाय. तुमी करा. अठरा दीस तरी."

त्याने मान हलवली. तिने त्याच्याकडून एकदा म्हणून घेतलं, चुरडून बघूचा, मगे भातात. मग तिने कागद घेतला, उरलेल्या गोळ्या मोजून पदरात बांधल्या आणि माहेरच्या वाटेला पडवीतून खाली उतरली. विहिरीवरच्या बायका बोलता बोलता थांबल्या. सुगंधा त्यांच्या मधूनच गेली, आणि अंग चोरून त्यांनी तिला वाट करून दिली.