क्षमस्वच्या खालची सही

मित्रांनो, मी एक जुना सहीचा शिक्का आहे. लाकडी मूठ, खाली रबर आणि रबरावर काळुराम म्हात्रे यांची उलटी सही. रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या एका लहानशा दुकानात मला कोरलं आणि पेणला त्यांच्या कार्यालयात आणलं. पहिली काही वर्षं मी दाखल्यांवर आणि दहावीच्या मुलांच्या अभिनंदनपत्रांवर उमटत असे. "शिक्का अगदी सहीसारखा उठतो," असं लोक म्हणत. मला बरं वाटे.

मग काळुराम, म्हणजे सगळ्यांचे भाऊ, आमदारकीला उभे राहिले. पेणपासून रोह्यापर्यंत गावोगाव सभा. आणि त्याच दिवसांत गडबच्या शाळेला भाषण हवं, निडीच्या भजनी मंडळाला स्मरणिकेसाठी लेख हवा. कार्यालय सांभाळणाऱ्या अनिताताईंनी एकच मजकूर छापून घेतला: 'प्रचाराच्या व्यापामुळे आपली विनंती मान्य करणे शक्य नाही. क्षमस्व.' त्याखाली मी. दिवसाला तीस-चाळीस वेळा मी लोकांना नाही म्हणत होतो.

एके दुपारी खाडीकडच्या गावातून हौसा आली. तिचा नवरा सखा जन्मभर मिठागरात राबलेला. मीठ ओढताना म्हणायची गाणी त्याला पाठ होती. गावातल्या मास्तरांनी ती उतरवून घेतली होती, त्या गाण्यांचं पुस्तक निघणार होतं. भाऊंना पहिल्यांदा सभेत बोलायला उभं केलं होतं ते सखानेच. आता तो अंथरुणाला खिळला होता, आणि प्रस्तावना भाऊंचीच हवी म्हणून अडून बसला होता.

अनिताताईंनी फोन लावला. भाऊ रोह्यात प्रचारफेरीत होते. निकालानंतर निवांत लिहितो, तोवर नेहमीचं पत्र दे, असं त्यांनी सांगितलं. ताईंना वाईट वाटलं. मी चार ओळी लिहिते आणि शिक्का मारते, असं त्या म्हणाल्या.

"नको बाय," हौसा म्हणाली. "त्यांच्या हातचं पायजे. दुसऱ्याचं मला घरी नेता येणार नाय."

शेवटी तिला तेच छापील पत्र मिळालं. ताईंनी मला उचललं, शाईच्या गादीवर दाबलं. मला मागे सरता आलं असतं तर सरलो असतो. मी टेकलो, आणि सही स्वच्छ उठली.

भाऊ निवडून आले. हारतुरे ओसरले तेव्हा त्यांनी खरंच बसून स्वतःच्या हाताने चार पानं लिहिली. ती घेऊन निघणार, तोच हौसा दारात उभी. कपाळ मोकळं. तिने पुस्तक टेबलावर ठेवलं. भाऊंनी पहिलं पान उघडलं. तिथे त्यांचंच क्षमस्वचं पत्र छापलेलं होतं, खाली मी.

"मास्तर नको म्हनत व्हते," ती हळूच म्हणाली. "पन हे बोलले, खाली काळूचं नाव हाय ना? मग हेच छापा. छापून आलं त्या दिवशी उशाशी घेऊन झोपले."

भाऊंनी हातातली चार पानं तिच्यापुढे केली. तिने ती घेतली नाहीत. तिला वाचता येत नव्हतं, आणि ज्याच्यासाठी वाचून घ्यायची तो उरला नव्हता.

मित्रांनो, मी रबराचा. मला उचलणाऱ्या हाताला नाही म्हणता येत नाही. तुम्हाला येतं. म्हणून कधी कुणाला नाही म्हणायची वेळ आलीच, तर ते तरी स्वतःच्या हाताने लिहा.