निळे दोरे

"बाबा, हा जरा सैल करून द्याल?"

मास्तरांनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. थोरली शिलाई मशीनपाशी उभी होती आणि तिच्या हातात तो निळा गाऊन होता. निळा आपला म्हणायचा. धुऊन धुऊन त्याचा रंग पार उडाला होता. पांढरे ठिपके कुठे संपतात नि कापड कुठे सुरू होतं, तेही धड कळत नव्हतं.

"कुठे सापडला हा?"

"ट्रंकेत. चिमीला दुकान मांडायला चिंध्या हव्या होत्या, त्या शोधत होते. घरात घालायला बरा आहे हो, पण मला कुठला बसतोय! धाकटीच्या मापाचा तो."

"तिच्याही मापाचा नाही," मास्तर म्हणाले.

थोरली कालच लेकीला घेऊन सुट्टीला आली होती. एरवी तिघं यायची. यंदा दोघीच आल्या. जावयांचं ऑपरेशन आठवड्यावर आलं होतं. परवा थोरली परत जाणार होती आणि चिमी आजोबांकडे राहणार होती. चिमीला सांगितलं होतं की बाबांना यंदा रजा मिळाली नाही. सात वर्षांच्या पोरीने ते ऐकून घेतलं, हट्ट केला नाही, आणि तेव्हापासून दिवसातून चार वेळा ती विचारत होती, "बाबांचा फोन आला?" थोरली दर वेळी हसून काहीतरी सांगून वेळ मारून नेत होती. ते हसू मास्तरांच्या चांगलंच ओळखीचं होतं. तीस वर्षांपूर्वी एक अख्खी सुट्टी त्यांनी तेच चेहऱ्यावर वागवलं होतं.

त्यांनी गाऊन मांडीवर घेतला आणि बाजूची शिवण चिमटीत धरून पाहिली. आत कापडाचा जाड पट्टा अजून तसाच होता.

तेव्हा थोरली दहा वर्षांची होती आणि धाकटी सहाची. दुकान खाली, राहायचं वर, मधे लाकडी जिना. शाळांना सुट्टी लागली की साऱ्या जगाला आराम; मास्तरांना मात्र मान वर करायला फुरसत नसे, कारण तोच गणवेशांचा सीझन. पांढरे शर्ट, करड्या चड्ड्या, करडे स्कर्ट. दोन महिने मशीनवर पांढऱ्या आणि करड्याशिवाय तिसरा दोरा चढत नसे. मुलींची सुट्टी हे खातं त्यांच्या आईकडे असायचं. कटिंगच्या टेबलाला तिने चादर बांधून दिली की टेबलाखाली पोरींचं कापडाचं दुकान सुरू होई. मग आईच गिऱ्हाईक होऊन यायची, कापडाला नावं ठेवायची, रुसून निघून जायची आणि दारातून परत वळायची. मास्तर वरून कापत असायचे आणि खालच्या दुकानाचा खप त्यांच्यापेक्षा जास्त असायचा.

त्या वर्षी सुट्टीच्या तोंडावर तिला ताप यायला लागला आणि तो काही हटेना. डॉक्टर म्हणाले, पोटाचं दुखणं आहे, औषध घ्या, विश्रांती घ्या, महिन्याने पुन्हा दाखवून जा. घरी येताना जिन्याच्या चौथ्या पायरीवर ती बसली.

"ऐका," ती म्हणाली. "पोरी वर्षभर या सुट्टीची वाट बघतात. माझ्या दुखण्यापायी ती वाया जायला नको. शाळा सुरू होईपर्यंत त्यांना काही कळू द्यायचं नाही."

"अगं, कळेलच की. डोळे आहेत त्यांना."

"मग तुम्ही शिंपी कशाला झालात?"

ती चेष्टेत म्हणाली. मास्तरांच्या डोक्यात मात्र ते पक्कं बसलं.

हा निळा गाऊन त्यांनी तिला नुकताच शिवून दिला होता. आठ दिवसांत तो खांद्यावरून ओघळायला लागला. माणूस वाळलं की आधी कपडे चहाडी करतात, हे शिंप्याला सांगावं लागत नाही. सोमवारी पहाटे, पोरी उठायच्या आत, त्यांनी टेप लावली, मापवहीत आकडा टिपला, खाली येऊन दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा इंच आत घेतला आणि चहाच्या आधी गाऊन पुन्हा तिच्या अंगावर होता. धाकटी उठून आली, आईला बिलगली आणि खेळायला पळाली. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यानंतर दर सोमवारी हेच चाललं. दुकानात त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी होती, 'येथे मापात पाप होत नाही.' आयुष्यात पहिल्यांदा त्या पाटीकडे बघायची त्यांना चोरी झाली.

शिवणीत कापड साठत गेलं. जाडी झाली की कापून टाकायचं, हे कालपरवा शिकायला आलेल्यालाही कळतं. मास्तर कात्री उचलायचे आणि खाली ठेवायचे.

"बाजूला टोचतंय हो," एकदा ती म्हणाली. "कापून टाका ना ते जास्तीचं."

"कापलेलं कापड परत येत नाही."

"बरं, राहू द्या. नाहीतर मी पुन्हा जाड झाले की जोड लावत बसाल, तेवढाच उद्योग वाचेल." आणि दोघंही हसली.

बाकीच्या आघाडीवर मास्तरांची दाणादाण उडालेली होती. त्यांनी घातलेल्या वेण्या इतक्या घट्ट असत की पोरींच्या भुवया वर चढत आणि दोघी दिवसभर आश्चर्य वाटल्यासारख्या दिसत. भात एक दिवस करपे, दुसऱ्या दिवशी त्याचा चिखल होई. "बाबांनी आज खळ केली," धाकटी जाहीर करायची. पण दुपारी आई जिना उतरून खिडकीजवळच्या खुर्चीत बसायची आणि टेबलाखालच्या दुकानाला गिऱ्हाईक मिळायचं. पूर्वी रुसून दारापर्यंत जायची. आता बसल्या जागी नुसतं तोंड फिरवायची. धाकटी म्हणायची, "ही आई आळशी झालीय." थोरली काही बोलायची नाही. ती मुकाट्याने कापडाचा ढीग उचलून खुर्चीपाशी न्यायची.

पाचव्या आठवड्यात तो दवाखान्याचा दिवस आला. तिथला वजनकाटा दुरुस्तीला गेला होता. डॉक्टरांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "वा! कपडे अंगावर नीट बसताहेत. म्हणजे वजन टिकून आहे. औषध हेच चालू ठेवू." तिचा चेहरा एकदम उजळला. किती दिवसांनी कुणीतरी तिला बरी दिसतेस म्हणालं होतं. आणि खोटं का बोला, मास्तरांनाही आतून सुखावल्यासारखं झालं. एवढा शिकलेला डॉक्टर, पण शिवण त्यालाही ओळखू आली नव्हती. बोलायला त्यांनी तोंड उघडलं, तिने त्यांची बाही ओढली आणि म्हणाली, "चला ना, पोरी वाट बघत असतील." रस्ताभर ती बोलत होती. शाळा सुरू झाल्यावर काय काय करायचं ते सांगत होती. मास्तर हं हं करत चालले आणि गप्प राहिले.

पुढचा सोमवार उजाडला तेव्हा अर्ध्या इंचाने भागलं नाही. एक इंच आत घ्यावा लागला. मास्तरांनी मापवही काखेत मारली आणि दवाखाना उघडायच्या आधी पायरीवर जाऊन बसले.

"डॉक्टर, तुम्ही पाहिलंत ते वजन नव्हतं. ती माझी शिलाई होती."

डॉक्टरांनी वहीचं ते पान खालपर्यंत वाचलं. "मास्तर," ते हळू म्हणाले, "हे मागच्या आठवड्यात का नाही सांगितलंत?"

त्याच दिवशी तिला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. पोरींना सांगितलं, आई मावशीकडे गेलीय. आठ दिवसांनी ती परत आली, राहिलेली सुट्टी खिडकीजवळच्या खुर्चीत बसून तिने पोरींना पुरी करून दिली, आणि शाळा सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात ती गेली. हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले होते की दुखणं आधीच फार पुढे गेलं होतं, आठवडाभराने काही फरक पडला नसता. मास्तरांनी ते ऐकून घेतलं. पटलं मात्र कधीच नाही.

पुढे धाकटी अंगाने काडीसारखी निघाली. आईचा गाऊन तिला आहे तसा बसला आणि लग्न होईपर्यंत ती तोच घरात वापरायची. दोरीवर वर्षानुवर्षं तो उन्हात वाळताना मास्तर बघत आणि मान खाली घालून पुन्हा पायडल मारायला लागत.

"बाबा? कुठे हरवलात?"

"तुला एक सांगायचं राहिलंय," मास्तर म्हणाले. आणि त्यांनी सांगितलं. सोमवारच्या पहाटा, मापवही, डॉक्टरांची ती वाहवा आणि तो एक आठवडा. तीस वर्षं गिळून ठेवलेलं चार वाक्यांत संपलं, याचं त्यांनाच नवल वाटलं. शेवटी ते म्हणाले, "तुम्हाला फसवायला निघालो आणि डॉक्टरलाच फसवून बसलो. तुला राग आला तर तो बरोबरच आहे."

थोरली स्टुलावर बसली. तिने हात लांबवून मशीनखालची जमीन बोटाने पुसल्यासारखी केली.

"इथे झाडू कोण मारायचं, आठवतं?"

"तू. सुट्टीत तुझं काम होतं ते."

"सीझनला दोरे कुठले असायचे? पांढरे आणि करडे. त्या सुट्टीत दर सोमवारी इथे चार निळे तुकडे पडलेले असायचे. दुसऱ्या सोमवारी मी वर जाऊन आईच्या गाऊनची शिवण आतून बघितली. ती झोपली होती. दोन टिपा होत्या. मग दर सोमवारी मोजायचे."

मास्तरांनी वाकून मशीनखाली पाहिलं.

"दोरे मी गोळा करून काड्यापेटीत ठेवायचे. धाकटीला दिसू नयेत म्हणून. आणि तुम्हालाही कळू नये म्हणून. तुम्ही एवढे खूश असायचात ना, की आम्हाला काही कळत नाही."

"अगं, मग मला विचारायचंस तरी!"

"विचारलं असतं तर खरं झालं असतं." ती म्हणाली. "बाबा, तो आठवडा तुमच्या एकट्याचा नव्हता. मीही गप्प होते. किती वर्षं मला वाटायचं, मी तेव्हा डॉक्टरांना जाऊन दोरे दाखवले असते तर…"

"दहा वर्षांची पोर तू! तू काय करणार होतीस?"

"तेच तर. करण्यासारखं काहीच नव्हतं. फक्त एकटी होते मी. तुम्ही दोघं बाजूच्याच खोलीत होतात आणि मी एकटी होते."

मास्तर उठले, तिच्याजवळ गेले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. त्यांना रडू आलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

मग ते पुन्हा मशीनपाशी बसले आणि ब्लेड घेऊन शिवण उसवायला लागले. अर्ध्या अर्ध्या इंचावर एकामागून एक टिपा होत्या, जुन्या हाताच्या, सरळ. प्रत्येक टीप सुटताना कट् आवाज व्हायचा आणि कापड थोडं उघडायचं. शेवटची सुटली आणि दोघंही बघत राहिले. आत दाबून राहिलेल्या त्या पट्ट्याला ऊन कधी लागलंच नव्हतं. तो दुकानातून आणला त्या दिवशी होता तसा गडद निळा होता आणि त्यावरचे ठिपके पांढरेशुभ्र होते.

"हे दोन रंग दिसणार गं," मास्तर म्हणाले. "लोक म्हणतील, शिंप्याची मुलगी आणि बापाने हा असला गाऊन दिला."

"म्हणू देत."

त्यांनी कडेने एकच टीप मारली आणि दोरा तोडला. थोरली आत जाऊन गाऊन घालून आली. कटिंगच्या टेबलाला बांधलेल्या चादरीमागे चिमी केव्हाची चिंध्या लावत होती. सकाळपासून तिच्या दुकानाला गिऱ्हाईक नव्हतं.

मास्तरांनी मानेने तिकडे खूण केली. "जा," ते म्हणाले. "ती दिवसातून चार वेळा विचारतेय. तिला ठाऊक आहे."

थोरलीने गाऊन सावरला. मग ती गुडघ्यांवर बसली आणि चादर बाजूला केली.

"काय दाखवू, बाई?" चिमीने विचारलं.

"आज काही नको. आज मला आत घे, तुझ्याजवळ बसू दे. बाबांचं सांगायचंय."

आत चिंध्या बाजूला सरकवल्याचा आवाज आला. मग चिमी म्हणाली, "ये."

मास्तरांनी अर्धा शिवलेला शर्ट मशीनवर तसाच ठेवला आणि आवाज होऊ नये म्हणून चाकावर हात धरला. टेबलाखाली शिरताना थोरलीची पाठ त्यांना दिसली, दोन्ही बाजूंना गडद निळा पट्टा असलेली. सवयीने त्यांनी आधी फिटिंग पाहिलं. गाऊन खांद्यापासून खालपर्यंत बरोबर बसला होता.